गच्चीवर पाऊल टाकलं की घार झेप घेते : दर उन्हाळ्यात येणारी अडचण आणि तिच्यावर खरोखर चालणारे उपाय

होळीच्या सुमारास मला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात : "आमच्या गच्चीवर घार पिसाळलीय." पुढचा तपशील तेवढा बदलतो. कुठे टाकीवर चढलेल्या प्लंबरच्या डोक्यात पंजा बसलेला असतो, कुठे आजी कुरडया वाळत घालायला गेलेल्या असतात आणि मागून कानाजवळून सपकन काहीतरी गेल्यामुळे परातीसकट खाली बसलेल्या असतात. शेवटचं वाक्यही ठरलेलं : "गेल्या वर्षीही हेच झालं होतं. ते घरटं काढून टाकता येईल का?"

मी ठाण्यात राहतो. पक्षी बघायची सवय कॉलेजपासूनची. त्यातूनच आसपासच्या सोसायट्यांची बोलावणी येऊ लागली आणि बारा वर्षांत बऱ्याच गच्च्या चढून झाल्या. घरटं काढल्याने ही अडचण जात नाही, एवढं त्यातून पक्कं कळलंय. उलट ती लांबते. घारीची अंडी सुरुवातीच्या दिवसांत गेली तर ती जोडी पुष्कळदा तिथेच जवळपास पुन्हा घरटं बांधते, पुन्हा अंडी घालते, आणि जो त्रास एप्रिलअखेर संपला असता तो मे सरेपर्यंत पुरतो. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणंही येतं. म्हणजे बांबूने घरटं पाडणारा माणूस कायद्याच्या नजरेत शिकारीच ठरतो. हे बहुतेक सेक्रेटरींना माहीत नसतं. मी ते पहिल्या फोनवरच सांगून टाकतो.

आणि 'पिसाळली' हा शब्दही सोडून द्यावा. पिसाळणं म्हणजे रेबीज. तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. घार पिल्लं राखत असते. त्या राखणीला सुरुवात आणि शेवट असतो, तो दर वर्षी जवळपास त्याच सुमारास येतो, आणि लांबून बघूनही ओळखता येतो. ती तारीख कळली की अर्धं काम झालं.

आधी खात्री करा, घारच आहे ना

फोनवर 'घार' म्हणून सांगितलेला पक्षी प्रत्यक्षात कावळा निघाला, असं किती तरी वेळा झालंय. एप्रिलपासून पावसाळ्यापर्यंत कावळ्यांची वीण चालते. ते दोघं-तिघं मिळून येतात, प्रचंड कोलाहल करतात आणि चोचीने टपली मारून जातात. घार सहसा एकटी येते आणि पंजा वापरते.

दुसरा शिक्रा. हा कबुतराएवढा, छातीवर तांबूस आडव्या रेघा, आवाज 'टि-टूई, टि-टूई' असा. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या दाट फांद्यांत घरटं करतो आणि झाडाखालून जाणाऱ्याच्या डोक्याजवळून अगदी खालून, आवाज न करता येतो. त्याचा त्रास झाडाखाली असतो, गच्चीवर क्वचितच. गव्हाणी घुबडाचं घरटं एखाद्या डक्टमध्ये असलं तर रात्री फुसफुस आणि किंचाळणं ऐकू येतं, पण ते माणसाच्या अंगावर सहसा येत नाही.

घार गडद तपकिरी असते. पंख पसरले की साडेचार-पाच फूट भरतात, वजन मात्र किलोभराच्याही आत. उडताना शेपटीला माशाच्या शेपटीसारखी खाच दिसते, आणि वळण घेताना शेपटी पसरली की ती खाच नाहीशी होते. आवाज ऐकला की शंका उरत नाही : बारीक, थरथरणारी शीळ, लांबून शिंगरू खिंकाळल्यासारखी.

घारच आहे हे ठरल्यावरही एक फरक बघायचा. चौपाटीवर किंवा शाळेच्या मैदानात हातातला वडापाव उचलून नेणारी घार वेगळं काम करत असते. ती हातावर येते, घास मिळाला की निघून जाते, मागे लागत नाही. तिच्यासाठी खाणं झाकणं एवढाच उपाय. राखण करणारी घार तुमच्या हातात काही नसतानाही येते, मागून येते, डोक्यावर येते आणि तुम्ही ठरावीक जागा सोडेपर्यंत पुन्हा पुन्हा येते. पुढचं सगळं या दुसऱ्या घारीबद्दल आहे.

घरटं कुठे आहे आणि कोणत्या टप्प्यावर आहे

घरटं शोधायला त्याच गच्चीवर जाऊ नका. समोरच्या इमारतीच्या जिन्याची खिडकी सगळ्यात बरी. साधी दुर्बीण घ्या, अर्धा तास बसा आणि घार कुठे परत जाते ते बघा. नीलगिरी, पर्जन्यवृक्ष, नारळ, मोबाइलचा टॉवर, मैदानावरचा दिव्याचा खांब, यांतलं काहीतरी निघतं. घरटं म्हणजे काटक्यांचा ओबडधोबड ढीग, त्यात तारा, चिंध्या, सुतळी, प्लॅस्टिकचे तुकडे. स्पेनमधल्या दोन्याना इथे घारींवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की घरट्यात पांढरं प्लॅस्टिक जास्त लावणाऱ्या जोड्या अधिक ताकदवान असतात आणि इतर घारी त्यांच्या वाटेला कमी जातात. आपल्याकडच्या घरट्यांतही पांढऱ्या पिशव्यांचे तुकडे फडफडताना दिसतात. ते दिसले की घरटं जुनं, मोडकं असेल असा अंदाज बांधू नका.

आता टप्पा. आपल्या भागात घारी थंडीतच घरट्याला लागतात. पंजात काटकी घेऊन उडणारी घार दिसली की ती तारीख लिहून ठेवा. अंडी मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत घातली जातात, सहसा दोन, कधी तीन. उबवायला ३० ते ३४ दिवस लागतात. पिल्लं जवळजवळ दोन महिने घरट्यात असतात आणि पावसाळ्याच्या आत उडती होतात. आई-बाप दोघंही बांधणीत, उबवण्यात आणि संगोपनात वाटा उचलतात.

लांबून बघताना खुणा अशा. घरट्यात घार अगदी खाली दबून बसलीय, नुसतं डोकं आणि शेपटीचं टोक काठावर दिसतंय, तर अंडी आहेत. एक घार पंजात उंदीर किंवा मासळीचं डोकं घेऊन येते आणि दुसरी काठावर उभी राहून तुकडे करते, तर पिल्लं निघाली. मार्चमधल्या एका दुपारी, एकच्या उन्हात, मी आमच्याच बी विंगच्या जिन्यातून बघत होतो. मादी घरट्याच्या काठावर पंख अर्धवट उघडून उभी होती. आधी वाटलं पंख सुकवतेय. मग तिच्या पंखांच्या सावलीत दोन मळकट पांढरी डोकी हलताना दिसली. सूर्य सरकला तशी तीही बोटभर सरकली. चोच उघडी, धाप लागलेली, पण ती हलली नाही. पाऊण तास मी तिथे होतो. त्या दिवसापासून मी कुणालाही "घार उगाच त्रास देते" हे वाक्य पुरं करू देत नाही.

पिल्लं काठावर उभी राहून पंख झाडायला लागली की फार तर पंधरा दिवस उरले. पण हेच दिवस माणसांसाठी सगळ्यात कठीण असतात. वीण जसजशी पुढे सरकते तसतशी राखण कडक होत जाते. अंड्यांच्या वेळी नुसती शिट्टी मारणारी घार पिल्लं मोठी झाल्यावर पंजा मारते. म्हणून "जानेवारीत तर काही करत नव्हती" हे सेक्रेटरींचं म्हणणं खरंच असतं.

ती नेमकी कशाने बिथरते

आमच्या भागातल्या एका सोसायटीत घरट्याच्या बरोबर खाली रिक्षा स्टँड होता. दिवसभर हॉर्न, भांडणं, चहाची टपरी. घार तिकडे ढुंकून बघत नव्हती. पण चौथ्या मजल्याच्या गच्चीवर एक मुलगी पुस्तक घेऊन बसली की दोन मिनिटांत झेप. घरच्यांना हे कोडं उलगडत नव्हतं. उत्तर उंचीत होतं. घरट्याच्या खालून कितीही माणसं गेली तरी चालतात. घरट्याच्या बरोबरीला किंवा वर माणूस दिसला की तो पिल्लांपर्यंत पोचू शकतो, असा तिचा हिशोब असावा.

दिल्लीतल्या घारींवर मोठा अभ्यास झालाय आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. १०१ जोड्या माणसापासून पिल्लांची राखण कशी करतात हे त्यात बघितलं. पिल्लांची संख्या जास्त आणि वीण पुढच्या टप्प्यावर, तर राखण कडक, हे अपेक्षितच होतं. पण त्याखेरीज जिथे घरट्यापासून बाल्कनी जवळ, जिथे आसपास उघडा कचरा आणि अस्वच्छता, जिथे माणसांची दाटी, आणि जिथे लोक पुण्य म्हणून घारींना मांसाचे तुकडे टाकतात, तिथे घारी माणसांवर जास्त धावून जातात असं दिसलं. जुन्या दिल्लीत घारींना मांस उडवून घालायची पद्धत अजून आहे. माणसाच्या हातून खाणाऱ्या घारीची भीड चेपते.

आपल्याकडे ही पद्धत तेवढी नाही, पण त्याचंच छोटं रूप मी गच्च्यांवर बघितलंय. कोंबडीच्या दुकानातून आणलेले आतड्याचे तुकडे कठड्यावर ठेवणारे लोक असतात. हेतू चांगला असतो. ज्या गच्चीवर हे चालतं त्या गच्चीवरच्या तक्रारी मला सर्वांत जास्त येतात. तेव्हा पहिली दुरुस्ती इथे : खाणं घालणं बंद, ओल्या कचऱ्याच्या डब्यांना झाकण, आणि जवळ मटण-चिकनचं दुकान असेल तर त्यांच्याशी नीट बोलून टाकाऊ मालाची पिंपं बंद ठेवायला सांगणं. याने या वर्षीची झेप थांबणार नाही. पुढच्या वर्षीची धिटाई कमी होते.

त्या दीड-दोन महिन्यांत काय करायचं

सगळ्यात आधी टाकीची शिडी. पंजाने टाळूवर ओरखडा उठतो, तो भरतो. पण सहा-सात मजल्यांवर, पाण्याच्या टाकीच्या उभ्या लोखंडी शिडीवर, दोन्ही हात अडकलेले असताना मागून धक्का बसला तर माणूस दचकून हात सोडतो. असा एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर झाला. टाकी धुवायला आलेला तरुण पाचव्या पायरीवर होता. घार मागून आली, त्याच्या टोपीला लागून गेली आणि त्याचा एक हात सुटला. नशीब, दुसरा घट्ट होता. तो खाली उतरला तेव्हा त्याचे गुडघे थरथरत होते आणि बराच वेळ तो कठड्याला टेकून नुसता बसून राहिला. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, की इथे घार येते. सोसायटीला ते दोन आठवड्यांपासून माहीत होतं. म्हणून माझा आग्रह असतो : पिल्लं घरट्यात असताना टाकी धुणं, डिश अँटेना हलवणं, सौर पॅनल पुसणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, यांतलं जे पुढे ढकलता येईल ते ढकला. उन्हाळ्यात टाकी धुवायची पद्धत आहे, ती जानेवारीच्या सुरुवातीला किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात करा. काम थांबवता येण्यासारखं नसेल, पाणीच बंद पडलं असेल, तर हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट, आणि सोबत दुसरा माणूस. या दुसऱ्या माणसाने दुसरं काही करायचं नाही. घारीकडे तोंड करून उभं राहायचं आणि तिच्यावर नजर ठेवायची.

नजरेचं महत्त्व लोकांना पटायला वेळ लागतो. घार जवळजवळ नेहमी मागून येते. तुम्ही तिच्याकडे बघत असाल तर ती अर्ध्यातून वळते. सुंदरबनात मध गोळा करणारे लोक डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधून जंगलात जात, ते वाघासाठी. पण मूळ कल्पना हीच. आमच्याकडे एका काकांनी टोपीच्या मागे दोन मोठे डोळे रंगवून घेतले. ते रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला गच्चीवर जातात आणि त्या टोपीनंतर त्यांना झेप लागली नाही. एका टोपीवरून सगळ्यांना खात्री देणार नाही, पण करून बघायला खर्च नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे छत्री. साधी काळी, मोठ्या घेराची, उघडी, सरळ डोक्यावर धरलेली. हलवायची नाही, घारीवर उगारायची नाही. घार छत्रीवरून फेरी मारते, शिट्टी घालते आणि परत जाते. गच्चीच्या दाराशी एक छत्री कायमची टांगून ठेवा आणि वर 'घारीसाठी' असं लिहा म्हणजे ती कुणी घरी नेत नाही.

मग रेषा. प्रत्येक घारीची हद्द वेगळी असते, ती मोजून काढायची. छत्री उघडून गच्चीच्या लांबच्या टोकापासून घरट्याच्या दिशेने हळूहळू चालत जा. आधी ती मान वळवून बघेल. मग शीळ. मग उडून डोक्यावर घिरट्या. मग हूल देणारी झेप, जी डोक्यापासून वावभर उंचीवरून जाते. जिथे शीळ सुरू झाली तिथे थांबा, दोन पावलं मागे या आणि खडूने किंवा चुन्याने आडवी रेघ ओढा. मी आखलेल्या बहुतेक रेघा घरट्यापासून वीस ते तीस मीटरवर पडल्या. रेघेच्या अलीकडची गच्ची वापरायची, पलीकडची सोडायची. कपड्यांच्या दोऱ्या अलीकडे आणायच्या.

वाळवणाचं काय, हा प्रश्न हमखास येतो, आणि तो खरा आहे. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या, सगळं मार्च-एप्रिलच्या उन्हातच होतं आणि घारीची पिल्लंही त्याच उन्हात वाढतात. घारीला वाळवणाशी देणंघेणं नसतं, तिला तिथे वाकून बसलेला माणूस खुपतो. वाकलेल्या माणसाची पाठ आणि टाळू उघडी असते, म्हणून झेप बहुधा तेव्हाच बसते. बाजेवर किंवा टेबलावर वाळवण घाला म्हणजे उभं राहून काम होतं. एकीने घालायचं, दुसरीने छत्री धरायची. रेघेच्या अलीकडे जागाच उरत नसेल तर दोन इमारतींनी मिळून एक गच्ची वापरावी. आमच्याकडे ए आणि बी विंगच्या बायकांनी एका बैठकीत हे ठरवून टाकलं.

झेप आलीच तर पळू नका. पळणाऱ्याची पाठ दिसते. पायऱ्यांशी धडपडून पडलेल्या माणसांच्या जखमा पंजाच्या जखमांपेक्षा मोठ्या असतात. हात डोक्यावर, तोंड घारीकडे, आणि उलट्या पावलांनी भिंतीच्या आधाराने दारापर्यंत. मुलांना हे नुसतं सांगू नका, एकदा करून दाखवा. ज्यांना गच्चीची किल्ली लागत नाही अशा इमारतींत निदान तेवढे दिवस कुलूप लावा.

सूचनाफलकासाठी मजकूर मागतात, तो इथेच देतो. तारखा आपापल्या भरा :

"सर्व सभासदांस कळवण्यात येते की, आपल्या आवारातील नीलगिरीच्या झाडावर घारीचे घरटे असून त्यात पिल्ले आहेत. पिल्ले उडेपर्यंत, अंदाजे अमुक तारखेपर्यंत, गच्चीवरील पांढऱ्या रेघेपलीकडे कोणीही जाऊ नये. गच्चीवर जाताना दाराजवळील छत्री वापरावी. लहान मुलांना एकटे सोडू नये. कामासाठी येणाऱ्या प्रत्येक कामगारास वॉचमनने ही माहिती द्यावी. घरट्यास किंवा पक्ष्यांस त्रास देणे हा कायद्याने गुन्हा आहे."

'अंदाजे अमुक तारखेपर्यंत' हे शब्द गाळू नका. त्रास कधी संपणार हे कळलं की माणसं शांत होतात. हे मी दर वर्षी बघतो.

जे उपाय करून बघितले जातात आणि चालत नाहीत

फटाके लावल्यावर घार दहा मिनिटं जाते आणि परत येते, ती अधिक बिथरून. उडण्याच्या बेताला आलेली पिल्लं मात्र दचकून वेळेआधी उडी मारतात. सीडी, आरसे, बुजगावणं यांची तिला दोन दिवसांत सवय होते. दगड मारणाऱ्यांचं तर बोलायलाच नको. घार सुटते आणि दगड खालच्या गाडीवर किंवा माणसावर पडतो.

फांदी तोडणं हा सगळ्यात वाईट उपाय. एका सोसायटीत रविवारी सकाळी मला न विचारता घरट्याची फांदी उतरवली गेली. झाडाला हात लावायला महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, तीही घेतली नव्हती. एक पिल्लू मेलं, एक बादलीत घालून माझ्याकडे आणलं. पुढचे दोन आठवडे ती जोडी त्या रिकाम्या जागेभोवती घिरट्या घालत राहिली आणि गच्चीवर येईल त्याच्यावर झेपावत राहिली. म्हणजे ज्या कारणासाठी फांदी तोडली तेही साधलं नाही.

माझी स्वतःची एक चूकही सांगतो, कारण ती अजून होताना दिसते. सुरुवातीच्या वर्षांत मी पिल्लांचे फोटो काढायला टाकीवर चढलो होतो. पिल्लं काठावर आलेली, चांगली पंख झाडणारी. मी कॅमेरा वर केला आणि धाकट्याने उडी टाकली. पंख पुरते भरलेले नव्हते. ते गटांगळ्या खात दोन इमारतींपलीकडच्या पत्र्यावर पडलं आणि तिथून ते परत आणेपर्यंत संध्याकाळ झाली. ते जगलं. पण तेव्हापासून मी जिन्याच्या खिडकीतूनच बघतो. मोबाइल घेऊन घरट्याजवळ जाणाऱ्या प्रत्येक मुलाला हे सांगतो. ड्रोन तर अजिबात नको.

पंजा लागलाच तर

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा, जंतुनाशक लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवून सांगा. पक्ष्याच्या ओरखड्यातून रेबीज होत नाही, तेव्हा त्या भीतीने रात्र काढू नका. घारीचे पंजे कचऱ्यात आणि सडक्या मांसात फिरलेले असतात, म्हणून ओरखडा किरकोळ दिसला तरी धुणं टाळू नका. डोळ्याजवळ लागलं असेल तर वाट न बघता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पिल्लू खाली आलं तर

आधी बघा ते कोणत्या वयाचं आहे. पंख पूर्ण, शेपटी जवळपास पूर्ण, उभं राहतंय, डोळे चकचकीत, तर ते उडायला शिकणारं पिल्लू आहे. जाडसर टॉवेल वरून टाकून उचला, पंजे आधी धरा, आणि जवळच्या शेडवर किंवा कुंपणाच्या उंच भिंतीवर ठेवून लांब व्हा. आई-बाप बघत असतात आणि तिथेच येऊन भरवतात. मात्र त्या तासाभरात तुमच्यावर झेप येणार, छत्री धरणारा माणूस सोबत हवाच.

पिसं कोवळी असतील, एक पंख लोंबत असेल किंवा अंगाला मांजा गुंडाळलेला असेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. दूध, पाव, भात काहीही घालू नका, चोचीत पाणी ओतू नका. मांजा ओढून काढू नका, कात्रीने दोन्ही टोकं कापून तसाच राहू द्या. वन विभागाच्या 'हॅलो फॉरेस्ट'च्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. घरट्याबद्दल कुणी धमकावत असेल, फांदी तोडायची भाषा करत असेल, तरी तोच क्रमांक.

पुढच्या वर्षीसाठी

घारी पुष्कळदा त्याच जागी परत येतात, त्यामुळे यंदा जे घडलं ते पुढेही घडणार असं धरूनच चाला. पिल्लं उडाल्यावर आणखी काही आठवडे ती आसपास राहून आई-बापांकडे खाणं मागतात. त्या काळात झेपा कमी होतात पण बंद होत नाहीत. पावसाळा सुरू झाला की गच्ची मोकळी असते. मग करायची कामं करून टाका. टाकीच्या उभ्या शिडीला लोखंडी पिंजरा बसवून घ्या, तो पुढे दर वर्षी उपयोगी पडतो. कपड्यांच्या दोऱ्या आणि वाळवणाची जागा घरट्यापासून लांबच्या बाजूला कायमची हलवा. गच्चीच्या दारावर पत्र्याची छोटी पडवी काढली तर बाहेर पाऊल टाकतानाची पहिली झेप टळते. झाडाची छाटणी खरोखर गरजेची असेल तर याच महिन्यांत, वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेऊन करा. रिकाम्या घरट्यालाही वन विभागाला लेखी विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि जिन्यात एक वही ठेवा. आमच्याकडे वॉचमनकाका ती लिहितात, कारण दिवसभर झाडाकडे लक्ष त्यांचंच असतं. गेल्या हंगामाच्या त्यांच्या नोंदी अशा : ५ जानेवारी, पंजात काटकी. २८ जानेवारी, बसली. १ मार्च, उंदीर आणला. १२ एप्रिल, दोघं काठावर, पंख मारतात. २४ एप्रिल, मोठं उडालं, सी विंगच्या टाकीवर बसलं. २७ एप्रिल, धाकटंही. १२ मे, चार दिवस झेप नाही, रेघ पुसली, गच्ची उघडली.